सह्याद्रीतील कंदीलपुष्पे आणि त्यांचे संवर्धन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळ्यात नाशिक, अहिल्यानगर, पुणे आणि सातारा जिल्ह्यांतील डोंगरांवर फिरणारी मंडळी, पायथ्याच्या गावांतील रहिवासी आणि शाळांमधील शिक्षक आमच्याकडे जे प्रश्न पुन्हा पुन्हा घेऊन येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. उत्तरे लिहिताना मुख्यतः अंजनेरीचे कंदीलपुष्प डोळ्यांसमोर ठेवले आहे. मात्र चराई आणि तण यांविषयीचे विवेचन सह्याद्रीच्या उघड्या माथ्यांवरील बहुतेक कंदीलपुष्पांना लागू पडते.

कंदीलपुष्प म्हणजे नेमके कोणते फूल?

रुईच्या कुळातील सेरोपेजिया या प्रजातीतील वनस्पतींना मराठीत कंदीलपुष्प म्हणतात. जुन्या लोकांच्या तोंडी खरपुडी किंवा खर्चुडी हे नाव असते. जमिनीखाली एक लहानसा कंद असतो, पाऊस पडला की त्यातून एकच कोवळा कोंब वर येतो आणि जातीप्रमाणे तो वेलीसारखा चढतो किंवा वीतभर उंचीचे ताठ रोप होऊन थांबतो. फुलाची नळी बुडाशी फुगीर आणि मध्ये निमुळती असते. वरच्या टोकाला पाच पाकळ्या शेंड्याशी एकमेकींना जुळलेल्या राहतात, त्यामुळे त्यांच्यामध्ये पाच झरोके तयार होतात आणि जुन्या काचेच्या कंदिलाची आठवण व्हावी असा आकार दिसतो.

प्रजातीचे शास्त्रीय नाव स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये दिले. मेण आणि कारंजे या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून ते बनले आहे. मेणाचा कारंजा ही कल्पना सुंदर आहे खरी, तरी वस्तू डोळ्यांपुढे उभी करण्यात मराठी नाव वरचढ आहे असे आम्हाला वाटते.

ही फुले इतकी दुर्मीळ का आहेत?

भारतात सेरोपेजियाच्या पन्नासहून अधिक जाती आहेत आणि त्यांतील अनेक जाती पश्चिम घाटाबाहेर कोठेही सापडत नाहीत. काहींचा वावर तर मोजक्या डोंगरमाथ्यांपुरताच आहे. त्यांची नावे वाचली तरी हे कळते: सेरोपेजिया पाचगणिएन्सिस पाचगणीची, सेरोपेजिया सह्याद्रिका सह्याद्रीची, सेरोपेजिया अंजनेरिका अंजनेरीची. नाशिकहून त्र्यंबकेश्वरकडे जाताना लागणाऱ्या अंजनेरीच्या डोंगरावरून ही शेवटची जात शास्त्राला 2006 मध्ये ज्ञात झाली. ज्या डोंगराला हनुमानाचे जन्मस्थान मानून भाविक शतकानुशतके चढत आले, त्याच डोंगरावर हे फूल दर पावसाळ्यात उमलत होते, फक्त त्याला वेगळी जात म्हणून कोणी ओळखले नव्हते. अंजनेरीला 2017 मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला.

डोंगरमाथा हे अशा वनस्पतीसाठी एक बेटच असते. कातळावर साचलेली दोन-चार बोटे जाडीची माती, तीही उतारावरची, भोवती खोल दऱ्या आणि समोरच्या डोंगरापर्यंत पोहोचण्याचा एकमेव मार्ग म्हणजे वाऱ्यावर उडणारे बी, अशी ही परिस्थिती आहे. त्यामुळे एका माथ्यावर जे बिघडते ते शेजारच्या माथ्यावरून आपोआप भरून येत नाही. सेरोपेजिया लॉवी ही ताठ वाढणारी जात ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ हूकरने एकोणिसाव्या शतकात वर्णिली, नंतर ती दीर्घ काळ कोणाला न दिसल्याने नामशेष झाली असावी असा समज रूढ झाला आणि पुढे ती हरिश्चंद्रगडावर पुन्हा सापडली. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने 1987 ते 1990 या काळात तीन खंडांत प्रसिद्ध केलेल्या धोक्यातील वनस्पतींच्या नोंदग्रंथातही या प्रजातीच्या अनेक जाती आहेत.

हे फूल माशांना कोंडून ठेवते, हे खरे आहे का?

होय, खरे आहे, आणि संवर्धनाचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. फुलाच्या वासाने अगदी बारीक माशा आकर्षित होतात, पाकळ्यांमधील झरोक्यांतून आत शिरतात आणि गुळगुळीत नळीतून घसरून बुडाच्या फुगीर भागात पडतात. नळीच्या आतील केस खाली वळलेले असल्याने आत जाणे सोपे आणि बाहेर येणे अशक्य असते. कोंडलेली माशी आत फिरत राहते. या धडपडीत परागकणांचे चिकट पुडके तिच्या तोंडाच्या भागांना अडकते किंवा दुसऱ्या फुलातून आणलेले पुडके योग्य जागी बसते. काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी आतील केस सुकतात, फूल कलते आणि माशी सुटते. माशीला इजा होत नाही. ज्यांना हे फूल कीटकभक्षी वाटते त्यांचा घटपर्णीशी घोळ झालेला असतो.

ही यंत्रणा नाजूक आहे. नेमक्या आकाराची माशी यायला हवी, ती दुसऱ्या फुलातून पुडके घेऊन आलेली असायला हवी आणि ते दुसरे फूल तिच्या उडण्याच्या टप्प्यात असायला हवे. म्हणून या वनस्पतींना फुले बरी येतात, पण शेंगा थोड्या धरतात. रोपे विरळ झाली की हे प्रमाण आणखी खालावते. एखाद्या माथ्यावर पाच-सात रोपे दिसली म्हणून तेथे जात सुखरूप आहे असा निष्कर्ष काढू नये. शेंगा धरल्या आहेत का, हे पाहण्यासाठी सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरमध्ये पुन्हा जावे लागते आणि नेमके त्या वेळी डोंगरावर फारसे कोणी जात नाही.

चराईमुळे नेमके काय नुकसान होते?

कंदीलपुष्पाचा वर्षाचा जमाखर्च फार तोकडा असतो. जून ते ऑक्टोबर या चार-साडेचार महिन्यांत कोंबाने पाने काढायची, फुलायचे, शेंगा पिकवायच्या आणि त्याच काळात पुढच्या वर्षासाठी कंदात अन्नही साठवायचे. उरलेले वर्षभर कंद मातीखाली निजून असतो. जुलैत शेळीने एक घास घेतला तर त्या वर्षीचे फूल, शेंग आणि कंदाची भर हे तिन्ही जाते. कंदातील जुन्या साठ्यावर रोप पुढच्या वर्षी पुन्हा वर येते, म्हणून वरवर काही बिघडलेले दिसत नाही. मात्र हेच सलग काही वर्षे घडले की कंद बारीक होत जातो, रोप फुलायचे थांबते, नुसती दोन पाने काढते आणि मग एखाद्या वर्षी वर येतच नाही.

दुसरे नुकसान खुरांमुळे होते. भिजलेल्या पातळ मातीवरून गुरे रोज एकाच वाटेने गेली की मातीचा थर कातळावरून सुटतो आणि पुढच्या सरीत वाहून जातो. पर्यटकांच्या बुटांनीही हेच होते आणि खरे सांगायचे तर काही ठिकाणी गुरांपेक्षा अधिक होते. श्रावणात त्र्यंबकेश्वर परिसरात उसळणारी गर्दी आणि कंदीलपुष्पाचा बहर एकाच सुमारास येतात. छायाचित्रासाठी वाट सोडून माळावर बसणाऱ्या माणसाला आपल्या गुडघ्याखाली काय आले याचा पत्ता नसतो.

मग सरळ चराईबंदी का करत नाही?

हा प्रश्न आम्हाला सर्वाधिक विचारला जातो. महाराष्ट्रात चराईबंदी हा शब्द राळेगणसिद्धी आणि हिवरेबाजारच्या पाणलोट कामांमुळे घरोघरी पोहोचला आणि तेथे त्याचे फळही दिसले. परंतु तेथील हेतू गवत आणि झाडे वाढवणे हा होता. कंदीलपुष्पाचा शत्रू तेच वाढलेले गवत असू शकते.

आमचाच अनुभव सांगतो. ज्या माळाचे नाव येथे देत नाही, तेथे आम्ही एका पट्ट्याभोवती करवंदीच्या काटेरी फांद्यांचे कुंपण घातले होते. पहिल्या पावसाळ्यात आतल्या रोपांना शेंगा धरल्या आणि आम्ही एकमेकांची पाठ थोपटली. दुसऱ्या वर्षी गवत दाट झाले, तिसऱ्या वर्षी कुसळी आणि इतर उंच गवतांनी कमरेएवढी मजल मारली, मागील वर्षांचे न कापलेले वाळके गवत खाली गादीसारखे आडवे पडले आणि त्या गादीतून कंदीलपुष्पाचे कोंब वर येईनात. कुंपणाबाहेर, जेथे गुरे दिवाळीनंतर चरत होती, तेथे आतल्यापेक्षा जास्त रोपे उभी होती. पायथ्याच्या वस्तीवरील एका वृद्ध गुराख्याने हे आम्हाला पहिल्याच वर्षी सांगितले होते. बारक्या झाडाचा जीव गवतात गुदमरतो, असे त्यांचे म्हणणे होते. आम्ही ते ऐकून घेतले आणि कुंपण घातले. चूक आमचीच होती.

याच्याशी मिळताजुळता वाद साताऱ्याजवळच्या कास पठारावर झाला. सह्याद्रीतील काही स्थळांसह कासला 2012 मध्ये जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला, पर्यटकांचे लोंढे आले आणि फुलांच्या रक्षणासाठी पठारावर लोखंडी जाळीचे कुंपण उभारले गेले. त्याबरोबर गुरांची ये-जाही थांबली. पुढे बहर ओसरत असल्याची आणि गवत माजल्याची तक्रार स्थानिकांनी व अभ्यासकांनी केली आणि अखेर ते कुंपण काढले गेले. बहर कमी होण्यामागे पावसाची चाल आणि गर्दी यांचाही वाटा असू शकतो, म्हणून सारा दोष जाळीवर टाकणे आम्हाला पटत नाही. तरीही चराई हटवली की फुले वाढतात हे समीकरण सरसकट खरे नाही, एवढे तेथे सर्वांनी पाहिले.

म्हणून किती गुरे चरतात यापेक्षा ती कधी चरतात, हा प्रश्न आम्ही आधी विचारतो. मृगाच्या पावसापासून दिवाळीपर्यंत फुलांचे मोजके पट्टे गुरांपासून मोकळे राहावेत आणि शेंगा उकलून बी उडून गेले की तेच पट्टे चराईला किंवा गवतकापणीला खुले व्हावेत, असे वेळापत्रक आम्ही सुचवतो. संपूर्ण डोंगर बंद करावा लागत नाही. फुलांचे पट्टे बहुधा कातळाच्या कडेला आणि पातळ मातीवर असतात, जेथे गुरांनाही फारसा चारा मिळत नाही, त्यामुळे वाट थोडी वळवली तरी पुष्कळदा काम भागते.

गुराखी आणि पशुपालक हे मान्य करतात का?

आधी विचारले तर करतात, असा आमचा अनुभव आहे. फलक लावून झाल्यावर त्यांना बोलावले तर करत नाहीत आणि त्यात त्यांचे चुकते असेही नाही. वनहक्क कायदा, 2006 नुसार वनात राहणाऱ्या समुदायांना चराईचा सामूहिक हक्क मिळू शकतो आणि त्याच कायद्याने वन्य जीव व जैवविविधता राखण्याची जबाबदारीही ग्रामसभेकडे दिली आहे. हक्क आणि जबाबदारी एकाच ठिकाणी असल्यामुळे ग्रामसभेच्या ठरावातून आलेले वेळापत्रक टिकते.

वेळापत्रक ठरवताना एक अडचण प्रामाणिकपणे मान्य करावी लागते. पावसाळ्यात खालची सगळी शेते भातात आणि नागलीत गुंतलेली असतात आणि गुरांना माथ्याखेरीज जागाच नसते. त्यामुळे कोणता पट्टा सोडायचा हे बोलताना त्याऐवजी गुरे कोठे न्यायची, याचे उत्तर त्याच बैठकीत हाती असले पाहिजे.

कोणत्या तणांचा जास्त त्रास होतो?

माथ्यावर, उतारावर आणि वाटेच्या कडेला तणे वेगवेगळी असतात. उतारावर आणि झाडीच्या कडेला घाणेरी व रानमोडी ही दोन परदेशी झुडपे आहेत. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झाड म्हणून कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आली आणि तेथून देशभर पसरली. रानमोडीही अमेरिका खंडातलीच असून तिचे केसाळ बी वाऱ्याने उडते, त्यामुळे एका उतारावरची रानमोडी समोरच्या डोंगरालाही अडचणीची ठरते. पायवाटा, मंदिराभोवतालची मोकळी जागा आणि वाहनतळ येथे गाजर गवत आणि रानतुळस माजते. गाजर गवताची भारतातील पहिली ठळक नोंद 1950 च्या दशकात पुण्यातून झाली, हे पुणेकरांनी नम्रपणे लक्षात ठेवावे.

माथ्यावरील फुलांना थेट भिडणारे तण म्हणजे कॉसमॉस. नारिंगी-पिवळ्या फुलांमुळे ते लोकांना आवडते, काही जण त्याचे बी हौसेने रस्त्याकडेला टाकतात आणि चार वर्षांत संपूर्ण उतार त्याच्या ताब्यात जातो. त्याच्या दाट उभ्या गर्दीत वीतभर उंचीच्या रोपाला ना ऊन मिळत, ना माशी सापडत.

तण केव्हा आणि कसे काढावे?

वेळ चुकली तर तण काढणे हेच नुकसानीचे कारण ठरते. जून-जुलैत माती मऊ असते आणि तण सहज उपटते, पण त्याच वेळी कंदीलपुष्पाचे कोंब नुकते वर येत असतात आणि वीस माणसांची तुकडी माळावर उतरली की तण राहते बाजूला, कोंबच चिरडले जातात. म्हणून फुलांच्या पट्ट्यात पावसाळ्यात फक्त ओळख असलेली दोन-तीन माणसे, अनवाणी किंवा मऊ तळव्याच्या चपलेने, कातळावर पाय ठेवत जातात आणि कॉसमॉसची रोपे फुलण्याआधी हाताने उपटतात. कॉसमॉस वर्षायू आहे. त्याचे बी पडू दिले नाही तर काही वर्षांत मातीतील साठा संपत येतो, पण एक वर्ष जरी खंड पडला तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

रानमोडीसाठी ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबरचा आरंभ हा काळ आम्हाला सोयीचा वाटतो. कंदीलपुष्पाच्या शेंगा तोवर बहुधा उकललेल्या असतात आणि रानमोडीचे बी अजून पिकलेले नसते. ही खिडकी जेमतेम दोन-तीन आठवड्यांची असते आणि ती नेमकी दिवाळीत येते, त्यामुळे स्वयंसेवक मिळवताना दरवर्षी तारांबळ उडते.

घाणेरी नुसती कोयत्याने छाटली तर बुंध्यापासून दुप्पट जोमाने फुटते. दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक सी. आर. बाबू यांनी सुचवलेली पद्धत येथे उपयोगी पडते. फुटवे येणारा मुळाचा भाग जमिनीच्या पृष्ठभागाखाली तीन ते पाच सेंटिमीटरांवर कुदळीने तोडायचा आणि झुडूप मुळे वर करून उलटे ठेवायचे, म्हणजे ते पुन्हा मातीला धरत नाही. मोकळी झालेली जागा तशीच सोडू नये, कारण घाणेरीच्या जागी लगेच रानमोडी येते. त्या जागेवर स्थानिक गवताचे बी टाकावे आणि पुढील दोन-तीन पावसाळे पक्ष्यांनी टाकलेल्या बियांतून उगवणारी घाणेरीची रोपे हाताने उपटत राहावे.

तणनाशक फवारले तर काम लवकर होणार नाही का?

काम लवकर होईल, पण ते आमचे काम नसेल. तणनाशक घाणेरी आणि खरपुडी यांत भेद करत नाही. पातळ मातीवरून ते पहिल्या सरीत कातळाच्या डबक्यांत उतरते आणि माथ्यावरील तळ्यांतून खालच्या वस्त्या पाणी भरतात.

पिवळे फूल दिसले की ते कॉसमॉस समजावे का?

मुळीच नाही. सोनकी आणि कवळा ही दोन्ही पिवळी फुले आपलीच आहेत. आमच्या एका श्रमदानात उत्साही विद्यार्थ्यांनी अर्ध्या तासात भाराभर सोनकी उपटून ठेवली होती आणि आमच्यातील कोणीही त्यांना आधी नमुना दाखवला नव्हता. कॉसमॉसची पाने बारीक कातरलेली, झालरीसारखी असतात, झाड गुडघ्याच्या वर जाते आणि पाकळ्यांचे टोक दातेरी असते. सोनकीचे झाड सहसा घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, पानांची कड फक्त दंतुर आणि फूल लहान असते. आता आम्ही काम सुरू करण्याआधी प्रत्येकाच्या हातात कॉसमॉसचे एक उपटलेले झाड देतो आणि फक्त याच्याशी जुळणारे झाड काढावे, असे सांगतो.

माथा उघडाबोडका आहे, तर तेथे झाडे लावलेली चांगली नाहीत का?

नाही. सडा (उघडे कातळी पठार) आणि माळ हे मोडलेले जंगल नसून स्वतःच एक पूर्ण अधिवास आहेत. उन्हाळ्यात त्यांच्याकडे पाहून उजाड हा शब्द सुचतो आणि जुलैत, वनमहोत्सवाच्या सप्ताहात, खड्डे खणणारी मंडळी वर येतात. एका खड्ड्यासाठी कातळावरची जेवढी माती उकरली जाते तेवढीच त्या जागी असते आणि कंद असलाच तर तो त्या मातीतच असतो. ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि गिरीपुष्प यांच्या लागवडीने अनेक पठारांवर सावली आणि पालापाचोळ्याचा थर वाढवला आहे. सावलीत ही फुले येत नाहीत. झाडे लावायची असतील तर पायथ्याशी, गावाला हवी ती लावावीत.

वणव्याचा परिणाम काय होतो?

कंद मातीखाली असल्याने एखादी हलकी आग सोसतो. परंतु रानमोडी आणि घाणेरीचा वाळलेला ढीग पेटला की आच जास्त खोल जाते आणि पावसाआधी उघडी पडलेली माती पहिल्या वळवात धुऊन जाते. गुरे हटवून गवत साठू दिले तर पेटायला इंधनही साठते, हे वर सांगितलेल्या वेळापत्रकामागचे आणखी एक कारण आहे.

रोपवाटिकेत रोपे तयार करून डोंगरावर लावता येत नाहीत का?

येतात आणि असे काम झालेही आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्राध्यापक एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सेरोपेजियाच्या अनेक जाती जोपासल्या आणि विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात त्या वाढवल्या. डोंगरावर दुर्घटना घडली तरी जात कायमची हरवू नये, यासाठी अशी जोपासना विम्यासारखी असते.

तरीही रोपे लावणे हा अधिवास राखण्याला पर्याय नाही. ज्या कारणाने जुनी रोपे गेली ते कारण कायम असेल तर नवी रोपेही जातात. शिवाय एका डोंगरावरचे बी दुसऱ्या डोंगरावर नेले तर दोन्हीकडचे वेगळेपण पुसले जाण्याचा धोका असतो. म्हणून कोणत्या माथ्याचे बी कोठे रुजवायचे, हे वनस्पतिशास्त्रज्ञांनी आणि वन विभागाने लेखी ठरवल्याखेरीज कोणीही हे करू नये. हौशी मंडळींनी कंद खणून घरच्या कुंडीत लावणे तर सर्वथा अनुचित आहे. कुंडीतल्या फुलाला त्याची माशी मिळत नाही आणि डोंगरावर एक रोप कमी होते.

कायद्याने या फुलाला संरक्षण आहे का?

वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 मध्ये 1991 च्या दुरुस्तीने वनस्पतींसाठी जे परिशिष्ट आले, त्यात सहाच वनस्पती होत्या आणि कंदीलपुष्प त्यांत नव्हते. प्रत्यक्ष उपयोग होतो तो जागेच्या संरक्षणाचा. राखीव वनात भारतीय वन कायदा, 1927 नुसार विनापरवाना वनोपज काढणे आणि आग लावणे हे गुन्हे आहेत. जैवविविधता कायदा, 2002 नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. आपल्या गावच्या नोंदवहीत खरपुडीची नोंद आहे का, हे कोणीही ग्रामपंचायतीत विचारू शकते. अनेक ठिकाणी नोंदवही आहे, पण ती भरणाऱ्याने डोंगर चढलेला नसतो.

मला कंदीलपुष्प दिसले तर काय करावे?

वाटेवरूनच, न वाकता, छायाचित्र घ्यावे. भोवतीचे गवत मोडून फूल मोकळे करू नये, कारण ते गवतच त्याला वाऱ्यापासून आधार देत असते. फुलाचे छायाचित्र झाले की पानाचे, खोडाचे आणि भोवतालच्या जागेचेही घ्यावे. ओळख पटवताना पुष्कळदा तीच कामी येतात. समाजमाध्यमांवर टाकताना जिल्ह्यापलीकडे ठिकाण सांगू नये आणि छायाचित्रातील स्थाननोंद काढून टाकावी. आयनॅचरॅलिस्टसारख्या नोंदणी मंचावर धोक्यातील जातींचे नेमके स्थान सहसा आपोआप झाकले जाते, तरीही नोंद करताना स्थान खासगी ठेवण्याचा पर्याय स्वतः निवडावा.

आणि शक्य असल्यास ऑक्टोबरमध्ये त्याच जागी पुन्हा जावे. तोवर फूल गेलेले असते, गवत सोनेरी झालेले असते आणि रोप शोधायला वेळ लागतो. सापडलेच तर काडीवर जोडीने उभ्या, बोटभर लांब, बारीक शेंगा आहेत का ते पाहावे आणि असल्यास आम्हाला जरूर कळवावे. फुलांची छायाचित्रे आमच्याकडे ढिगाने येतात, शेंगांची वर्षातून एखाद-दुसरेच येते.